डर्ट बाइकच्या मागच्या लिंकेजची बेअरिंगे घरच्या घरी कशी बदलावीत

डर्ट बाइक स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने हळूच वर उचलले, तर शॉक अब्सॉर्बर दबण्याआधीच कधी कधी बोटांना एक बारीक ‘खट्’ जाणवते. ही ढिलाई बहुतेक वेळा लिंकेजमधल्या, म्हणजे शॉक आणि मागचे चाक यांना जोडणाऱ्या सांध्यांमधल्या, झिजलेल्या निडल बेअरिंगांची (सुयांसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगांची) असते. ती बदलण्याचे काम गॅरेजमध्येच व्हावे असा समज आहे. पण एक चांगला टॉर्क रेंच, बळकट शेगडा (व्हाइस), आट्यांची एक सळई आणि एका सुट्टीच्या दिवसाइतका निवांत वेळ असेल, तर ते घरी उत्तम होते. घाईच्या वर्कशॉपपेक्षा घरी ते जास्त चांगले होते असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या कामाचा दर्जा मोजमापावर आणि स्वच्छतेवर ठरतो, आणि या दोन्ही गोष्टींना वेळच लागतो.

लिंकेजची रचना आणि तिची झीज

अनेक मोटोक्रॉस गाड्यांमध्ये स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या हाताच्या) पोटाला एक त्रिकोणी रॉकर जोडलेला असतो. त्याच्या एका टोकाला शॉकचे खालचे टोक बसते आणि दुसऱ्या टोकापासून चेसिसपर्यंत एक किंवा दोन लिंक आर्म जातात. १९८० च्या सुमारास कावासाकीची युनि-ट्रॅक, होंडाची प्रो-लिंक आणि सुझुकीची फुल फ्लोटर अशा नावांनी ही रचना रूढ झाली. तिच्यामुळे चाक जसजसे वर जाते तसतसा शॉक अधिकाधिक कडक होत जातो, म्हणजे लहान खड्ड्यांवर गाडी मऊ राहते आणि मोठ्या उडीनंतर तळाला आपटत नाही. केटीएमच्या ईएक्ससी मालिकेत मात्र शॉक थेट स्विंगआर्मला जोडलेला असतो, त्यामुळे त्या गाड्यांना या लेखातले लिंकेजचे काम लागू होत नाही. रॉयल एन्फील्डच्या हिमालयन ४११ मध्ये लिंकेज आहे. तिची तत्त्वे हीच आहेत, पण भागांची मापे आणि क्रम तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावेत.

लिंकेजची बेअरिंगे भाराने क्वचितच मरतात. पाणी, बारीक माती आणि सुकलेले ग्रीस त्यांना मारते. चाकाचे बेअरिंग पूर्ण फिरते, त्यामुळे त्यातले ग्रीस सतत पसरत राहते. लिंकेजचे बेअरिंग मात्र काही अंशांतच मागेपुढे डुलते, म्हणून प्रत्येक सुई आपल्या त्याच त्या जागेवर घासत राहते, तिथले ग्रीस बाजूला ढकलले जाते आणि आत शिरलेले पाणी खालच्या सुयांपाशी साचून राहते. बहुतेक गाड्यांत लिंकेज चेसिसच्या अगदी खाली असल्याने ओढ्यातून गाडी काढताना ते सर्वांत आधी पाण्यात जाते. सह्याद्रीतली तांबडी जांभ्याची माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर पिठासारखी बारीक होते. सीलच्या ओठाखाली ती एकदा शिरली की ग्रीसचे रूपांतर घासणाऱ्या लेपात होते. त्यात वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याचा झोत थेट या सांध्यांवर मारला, की उरलेसुरले ग्रीसही निघून जाते.

खेळ (सांध्यातली ढिलाई) नेमका कुठे आहे ते ओळखणे

गाडी इंजिनखाली टेकवून दोन्ही चाके अधांतरी करावीत. स्टँडचा भार लिंकेजवर येत नाही ना, याची खात्री करावी. एका हाताने मागचे चाक उभ्या दिशेने एखादा सेंटिमीटर उचलत-सोडत राहावे आणि दुसऱ्या हाताचे बोट एकेका सांध्यावर असे ठेवावे की ते अर्धे बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धे भोवतालच्या भागावर टेकेल. ज्या सांध्यात ढिलाई आहे तिथे बोटाला दोन भागांची वेगवेगळी हालचाल स्पष्ट कळते. शॉकचे वरचे टोकही तपासावे, कारण तिथला खेळ चाकापाशी अगदी लिंकेजसारखाच जाणवतो. त्यानंतर स्विंगआर्मचे मागचे टोक धरून आडव्या दिशेने हलवून पाहावे. आडवा खेळ बहुधा स्विंगआर्मच्या मुख्य पिव्हटचा, म्हणजे तो चेसिसला जोडणाऱ्या सांध्याचा, असतो. चाकच धरून हलवले तर चाकाच्या बेअरिंगांचा खेळही त्यात मिसळतो, म्हणून दोन्ही परीक्षा वेगळ्या कराव्यात.

चाक जितके वर जाते, त्याच्या साधारण अडीच ते तीन भागांपैकी एक भाग इतकाच शॉक दबतो. म्हणजे शॉकच्या खालच्या सांध्यातला एक मिलिमीटर खेळ चाकापाशी अडीच-तीन मिलिमीटर होऊन दिसतो. अशा गाडीत डॅम्पिंगचे (शॉकची हालचाल किती मंदावावी ते ठरवणारे) स्क्रू कितीही फिरवले तरी मागची बाजू नेमकी वागत नाही.

भाग मागवताना

गाडीचे मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर देऊनच भाग मागवावेत. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांत लिंकेज बदललेले असू शकते. कंपनीचे सुटे भाग महाग पडत असतील तर ऑल बॉल्स किंवा पिव्हट वर्क्स यांच्यासारख्या कंपन्यांचे संच मिळतात. संचात बेअरिंगे, सील, वॉशर आणि आतले स्लीव्ह (बोल्टवर बसणाऱ्या नळ्या) यांपैकी काय काय आहे, हे मागवण्यापूर्वी वाचून घ्यावे. बेअरिंग बदलून झिजलेला स्लीव्ह तसाच ठेवला तर खेळ कायम राहतो, कारण सुया ज्यावर फिरतात तो आतला पृष्ठभाग स्लीव्हचाच असतो.

बेअरिंगच्या दुकानात मापावरून पर्याय शोधण्याचा मोह होतो. ‘एचके २०२०’ असा क्रमांक असलेले निडल बेअरिंग २० मिलिमीटरच्या दांड्यासाठी, २६ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे आणि २० मिलिमीटर रुंदीचे असते, त्यामुळे माप जुळवणे अवघड नसते. परंतु या बेअरिंगमध्ये सुयांच्या मध्ये त्यांना अंतरावर धरणारा पिंजरा असतो आणि त्यामुळे सुया कमी बसतात. लिंकेजमध्ये बहुधा पिंजरा नसलेले, सुयांनी पूर्ण भरलेले बेअरिंग वापरतात, कारण कमी कोनात डुलताना भार जास्तीत जास्त सुयांवर वाटला जावा लागतो. बाहेरचे माप जुळले म्हणून पिंजऱ्याचे बेअरिंग बसवू नये.

हत्यारांमध्ये टॉर्क रेंच, सॉकेटचा संच, खोली मोजण्याची पट्टी असलेला व्हर्निअर कॅलिपर, हीट गन, नायलॉनची हातोडी, जाड वॉशर आणि १२ मिलिमीटरचा लांब हाय-टेन्साइल बोल्ट किंवा तशीच आट्यांची सळई लागेल. हार्डवेअरच्या दुकानातली साधी मऊ सळई घेतली तर ऐन ओढताना तिचे आटे जातात. ओळखीचा टर्नर असेल तर त्याच्याकडून लेथवर एक पायरीचा ठोकळा वळवून घेणे फार उपयोगाचे ठरते. त्याचा पुढचा बारीक भाग बेअरिंगच्या आत सैलसर जावा, म्हणजे सुट्या सुया जागेवर राहतात, आणि मागची पायरी बेअरिंगच्या कवचाच्या कडेवर टेकावी, पण भोकाच्या भिंतीला लागू नये. त्यासाठी पायरीचा व्यास कवचापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने कमी ठेवावा.

खोलणे

गाडी आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळू द्यावी. खोलण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत, विशेषतः कोणता बोल्ट कोणत्या बाजूने घातला आहे ते दिसेल असे. काही बोल्ट उलट बाजूने बसतात, पण मग नट चेनला किंवा चेसिसला घासतो, आणि ही चूक गाडी चालवल्यावरच कळते. मोठे नट गाडी दोन्ही चाकांवर उभी असतानाच थोडे ढिले करून ठेवले तर पुढे स्टँडवरून गाडी ढकलली जात नाही.

मग गाडी स्टँडवर घेऊन मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा द्यावा. बोल्टवर भार असेल तर तो निघत नाही. चाक बोटभर वर-खाली करत राहिले की एका विशिष्ट उंचीवर बोल्ट मोकळा होतो आणि हातानेच बाहेर सरकतो. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबावे, आणि बाहेर ठोकण्याआधी डोक्याला पाना लावून तो जागच्या जागी फिरतो का ते पाहावे. फिरणारा बोल्ट निघतोच. ठोकावेच लागले तर नट आट्यांच्या टोकाशी समपातळीत ठेवून ठोकावे, म्हणजे आटे चेपत नाहीत.

लिंक आर्म, मग शॉकचा खालचा बोल्ट आणि शेवटी रॉकर, असा क्रम बहुतेक गाड्यांत सोयीचा पडतो. शॉक काढावा लागला तर त्याच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून पाळावी: त्यात साधारण १० बार दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून त्याचे कोणतेही झाकण किंवा व्हॉल्व्ह उघडू नये आणि त्याच्या जवळ हीट गन नेऊ नये. त्याच्या खालच्या टोकातले बेअरिंग बदलतानाही शक्यतो उष्णतेशिवायच काम करावे.

पसरट ट्रेवर रॉकर धरून स्लीव्ह हळूच बाहेर काढावेत. पिंजरा नसलेल्या बेअरिंगमधल्या सुया केवळ ग्रीसने धरलेल्या असतात आणि स्लीव्ह निघताच त्या सांडतात. रॉकेलमध्ये सर्व भाग धुतल्यावर स्लीव्हवरून नखाची कड फिरवावी. नख अडले तर सुयांनी तिथे खोबणी पाडल्या आहेत आणि तो स्लीव्ह बाद आहे. गंजाचे खड्डे किंवा निळसर झाक दिसली तरीही तोच निर्णय घ्यावा. चकचकीत, एकसारख्या रंगाचा, नखाला गुळगुळीत लागणारा स्लीव्हच पुन्हा वापरण्यायोग्य असतो.

जुनी बेअरिंगे काढणे

सील स्क्रूड्रायव्हरने अलगद उचकटून काढावेत, आणि काढण्यापूर्वी त्यांचा ओठ कोणत्या बाजूला आहे ते लिहून ठेवावे. आता या कामातले सर्वांत महत्त्वाचे मिनिट येते. प्रत्येक बेअरिंगची कड भागाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे ते कॅलिपरच्या पट्टीने मोजावे आणि भागावरच मास्किंग टेप चिकटवून तिच्यावर लिहावे. मॅन्युअलमध्ये हे माप दिलेले असते. तरीही स्वतः मोजून त्याच्याशी ताडून पाहावे. बेअरिंग जास्त खोल गेले तर सुया स्लीव्हच्या चुकीच्या जागेवर चालतात, आणि कमी खोल राहिले तर सील पूर्ण बसत नाही व वॉशर दाबला जातो.

बेअरिंग कोणत्या दिशेने बाहेर येते तेही आधीच पाहावे. एकाच भोकात दोन बेअरिंगे असतील तर मध्ये कडा आहे का ते टॉर्चच्या उजेडात तपासावे. कडा असेल तर प्रत्येक बेअरिंग आपापल्या बाजूनेच काढावे लागते आणि त्यासाठी आतून पकडणारा पुलर लागतो. कडा नसेल तर दोन्ही एकाच दिशेने ढकलता येतात. हे न पाहता ठोकत राहिल्याने ॲल्युमिनिअमचा रॉकर तडकतो.

उष्णतेचा उपयोग इथे सुरू होतो. ॲल्युमिनिअम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ३० मिलिमीटर व्यासाचे भोक ८० अंश सेल्सिअसने तापवले तर ते साधारण ०.०५ मिलिमीटरने मोठे होते, तर आतले पोलादी कवच तितकेच तापले तरी सुमारे ०.०३ मिलिमीटरनेच वाढते. ही तफावत छोटी वाटते, पण बेअरिंगची घट्ट बसण मुळात काही शतांश मिलिमीटरचीच असते. हीट गनने भाग चहूबाजूंनी सारखा तापवावा आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चरचरू लागला की थांबावे. त्यापुढे तापवण्याची गरज नसते आणि फार तापवल्यास मिश्रधातूची ताकद कमी होते. उघडी ज्वाला वापरू नये. तिने एकच जागा जास्त तापते आणि चिकटलेल्या ग्रीसला आग लागू शकते. स्विंगआर्म तापवायचा असेल तर आधी चेन घासण्याची प्लास्टिकची पट्टी काढून ठेवावी.

भाग गरम असतानाच सळई भोकातून घालावी. एका बाजूला पायरीचा ठोकळा किंवा बेअरिंगच्या कवचापेक्षा थोडे लहान सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला बेअरिंग आत मावेल इतके मोठे सॉकेट ठेवून जाड वॉशर व नट लावावेत. नट फिरवला की बेअरिंग मोठ्या सॉकेटमध्ये ओढले जाते. सुरुवातीला ते ‘टक्’ आवाज करून सुटते आणि त्यानंतर सावकाश, एकसारखे सरकते. सळईची ओढ सरळ रेषेत असते आणि हाताला विरोध सतत कळत राहतो. हातोडीचा प्रत्येक घाव मात्र थोडा तिरपा पडतो, म्हणून या कामात मी हातोडीला जवळजवळ जागाच देत नाही.

गंजाने कवच इतके धरले असेल की ते हलतच नाही, तर बारीक दातांचे हॅकसॉचे पाते भोकातून ओवून कवचाला आतून लांबीभर काप द्यावा. ॲल्युमिनिअमपर्यंत पोहोचण्याच्या थोडे आधी थांबावे. कवचाचा ताण सुटला की ते निघते. इथे धीर सुटत असेल तर भाग हायड्रॉलिक प्रेस असलेल्या टर्नरकडे न्यावा. त्यात कमीपणा नाही, कारण नव्या रॉकरची किंमत त्याच्या मजुरीच्या कितीतरी पट असते.

नवी बसवणे

रिकाम्या भोकाच्या भिंती बारीक नायलॉन घासणीने स्वच्छ करून पुसाव्यात. गंजाचा किंवा ॲल्युमिनिअमच्या पांढऱ्या भुकटीचा कणही राहू देऊ नये आणि भोकाच्या तोंडाशी उचललेली कड असेल तर ती बारीक पॉलिश पेपरने मोडावी. नवी बेअरिंगे प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवावीत. थंडीने कवच एक-दीड शतांश मिलिमीटरने आकसते, आणि तापलेल्या भोकाच्या जोडीला हे आकसणे पुष्कळ मदत करते.

कवचाच्या ज्या कडेवर अक्षरे कोरलेली असतात ती कड दाब सोसण्यासाठी असते. ठोकळा त्याच कडेवर टेकवावा. भोकाला तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, भाग तापवावा, बेअरिंग सरळ ठेवावे आणि सळईने ओढायला सुरुवात करावी. पहिले दोन मिलिमीटर निर्णायक असतात. विरोध हळूहळू आणि सारखा वाढत असेल तर बेअरिंग सरळ जात आहे. पाना एकदम जड झाला तर ते तिरपे झाले आहे. तिथेच थांबून ते उलट बाजूने बाहेर काढावे आणि पुन्हा सरळ लावावे. जोर लावून तिरपे बेअरिंग सरळ होत नाही, भोक मात्र ओरखडते. टेपवर लिहिलेल्या खोलीच्या जवळ आल्यावर नट पाव-पाव फेरा फिरवत कॅलिपरने वारंवार मोजावे.

आता ग्रीस. पाण्याला तोंड देणारे, कॅल्शिअम सल्फोनेट किंवा लिथिअम कॉम्प्लेक्स प्रकारचे चांगले ग्रीस घ्यावे; मॅन्युअलमध्ये मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस सांगितले असेल तर तेच वापरावे. वेगवेगळ्या जातींची ग्रीसे एकमेकांत मिसळू नयेत, काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन वाहून जातात. नव्या बेअरिंगमध्ये कारखान्यातून आलेले ग्रीस पुष्कळदा फक्त गंज टाळण्यापुरते असते, म्हणून बोटाने दाबून सुयांच्या मधल्या फटींत ग्रीस भरावे, सुया एकदा फिरवाव्यात आणि पुन्हा भरावे. स्लीव्ह घातल्यावर दोन्ही टोकांतून ग्रीस बाहेर यायला हवे. अंगठ्याने स्लीव्ह फिरवून पाहावा: तो जडपणे पण गुळगुळीत फिरला पाहिजे. अडखळला तर एखादी सुई आडवी झाली आहे. मग सील जुन्या दिशेनेच, बाहेरच्या कडेशी समपातळीत दाबून बसवावेत आणि त्यांच्या ओठांनाही ग्रीस लावावे.

जोडणी आणि तपासणी

बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ थर द्यावा, आटे मात्र मॅन्युअल सांगेल तसे ठेवावेत. आट्यांवर ग्रीस असेल तर त्याच टॉर्कला बोल्ट अपेक्षेपेक्षा जास्त ताणला जातो. स्वतः घट्ट राहणारे नट एकदा खोलल्यावर नवे घ्यावेत. सर्व बोल्ट आधी हाताने बसवावेत, एकही टॉर्क करू नये, आणि सगळे भाग ओढाताण न करता जागेवर आले आहेत हे पाहून मगच घट्ट करावेत. मोटोक्रॉस गाड्यांमध्ये लिंकेजच्या बोल्टचे आकडे बहुधा ४५ ते ८० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतात, पण एकाच गाडीत दोन सांध्यांचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून अंदाजावर न जाता आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा घ्यावा.

शॉकचा खालचा बोल्ट घालण्यापूर्वी एक परीक्षा जरूर करावी. चाक काढून, रॉकर आणि लिंक आर्म टॉर्क करून स्विंगआर्म हाताने वर उचलून सोडावा. तो कुठेही न अडकता, नव्या सीलच्या विरोधामुळे थोडा सावकाश, स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा. एखाद्या ठिकाणी अडकला तर सील दुमडला आहे, वॉशर राहिला आहे किंवा बेअरिंग खोल-उथळ बसले आहे. टॉर्क केल्यावर बोल्ट आतल्या स्लीव्हला दाबतो आणि भाग स्लीव्हभोवती फिरतो. त्यामुळे सर्व काही बरोबर असेल तर बोल्ट कितीही घट्ट असला तरी सांधा मोकळाच राहतो. सांधा जड लागतो म्हणून बोल्ट ढिला ठेवणे हा उपाय नव्हे, तो धोका आहे.

शॉक आणि चाक जोडून चेनचा ताण लावावा, मागच्या ब्रेकचे पेडल दाबून पॅड जागेवर आणावेत आणि सुरुवातीची चाक उचलण्याची परीक्षा पुन्हा करावी. त्यानंतर पूर्ण रायडिंग गिअर घालून सॅग, म्हणजे स्वार बसल्यावर मागची बाजू किती खाली दबते ते, मोजावा. मागच्या चाकाचा वर-खाली प्रवास ३०० मिलिमीटर असलेल्या मोटोक्रॉस गाडीत स्वारासह तो साधारण १०० ते १०५ मिलिमीटर ठेवतात. जुनी ढिलाई गेल्यामुळे आकडा आधीपेक्षा काही मिलिमीटरने बदललेला आढळेल, तेव्हा स्प्रिंगची रिंग फिरवून तो पुन्हा लावून घ्यावा.

पहिल्या फेरीनंतर गाडी थंड झाली की सर्व नटांवर टॉर्क रेंच पुन्हा लावून पाहावा. पुढच्या ग्रीसिंगचे अंतर हंगामावर ठरवावे. कोरड्या दिवसांत इंजिनच्या ३० ते ४० तासांनंतर लिंकेज खोलून पुसून नव्याने ग्रीस भरले तरी चालते. जून ते सप्टेंबरच्या चिखलात मात्र मी १५ ते २० तासांपलीकडे थांबण्याचा सल्ला देणार नाही. धुताना प्रेशरचा झोत सांध्यांपासून दूर ठेवावा आणि तिथली माती साध्या पाण्याने व ब्रशने काढावी. खोललेला चांगला जुना स्लीव्ह तेल लावून, त्यावर सांध्याचे नाव लिहून डब्यात ठेवावा. पुढच्या वेळी माप ताडून पाहायला तो उपयोगी पडतो.